पाच सेकंद

धनराजने सर्व्हरच्या लॉगमधल्या त्या तीन ओळी पुन्हा वाचल्या. मंगळवार, दुपारी दोन बारा, दोन तेरा, दोन चौदा. पेठ तालुक्यातला एकच मोबाईल तीनदा जोडला गेला होता आणि तिन्ही वेळा पाचव्या सेकंदाला सर्व्हरने त्याला तोडलं होतं.

रुग्णवाहिका बोलावण्याची, आलेला निरोप थेट ड्रायव्हरच्या फोनवर पाठवणारी ही यंत्रणा त्यानेच पीएचपी या संगणकभाषेत लिहिली होती. समोरच्याच्या निरोपाची सर्व्हरने किती सेकंद वाट पाहायची, हे कोडमधल्या सॉकेटच्या, म्हणजे जोडणीच्या, एका ओळीत ठरत होतं. तिथे त्याने ५ लिहिलं होतं. शहरात, गंगापूर रोडवरच्या ऑफिसात निरोप सेकंदाच्या आत यायचा. पाच म्हणजे खूपच झाले, असं त्याला वाटलं होतं.

फोनवर पाड्यावरच्या उपकेंद्रातल्या संध्या सिस्टर होत्या.

"अक्काबाईला साप चावला तेव्हा मी तीनदा बटण दाबलं, सर. दर वेळी तुमचं आपलं 'पुन्हा प्रयत्न करा'. आधी नुसता फोन केला तरी गाडी यायची. आता म्हणतात, ॲपवरच टाका. शेवटी मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून नेली. घाट उतरेपर्यंत गेली."

धनराजने विचारलं, "तुमच्याकडून निरोप यायला किती वेळ लागतो, सिस्टर?"

"तुम्ही पेठचेच ना? मला काय विचारता?"

दर रविवारी गावाकडून आई रेंजसाठी टेकडीवर चढून त्याला फोन करायची. आधी बराच वेळ नुसता वारा ऐकू यायचा. तो कधी फोन ठेवत नसे.

त्याने ५ खोडून ३० केलं. सर्व्हर पुन्हा सुरू केला. हात रोजच्यासारखेच चालले.

"उपकेंद्राच्या मोबाईलवरून बघा आता."

पाच. सहा. नऊ. अकराव्या सेकंदाला पडद्यावर निरोप उमटला.

अक्काबाई, वय ५२. सर्पदंश. लवकर गाडी पाठवा.

"अगं बाई," सिस्टर म्हणाल्या, "मंगळवारचंच अडकून पडलं होतं मोबाईलमध्ये. तेच गेलं."

तेवढ्यात टेबलावरचा, ड्रायव्हरांसाठीचा दुसरा फोन वाजला. पेठचा ड्रायव्हर झुंबर होता. मागे गाडीचा सायरन सुरू होता.

"साहेब, निघालो मी. सिस्टरला सांगा, पेशंटला झोपू देऊ नका. वीस मिनिटांत पोचतो."