बुढ्याची शेवटची लडी

आईच्यान सांगते, शब्द न् शब्द खरा हाये! सूत रंगवाच्या शिबिरात मी माह्या बुढ्याची शेवटची लडी नेली. मराच्या आधी त्यानं ऐनाच्या झाडावर रेशमाचे कोसे पोसले, मी मांडीवर वळून सूत काढलं. नातीच्या हळदीच्या साडीचा पिवळा पदर त्याचाच विणाचा होता. रंग पक्का धराले लडी हिरड्याच्या पाण्यात भिजवली. सारे भगुणे भरले, म्हणून शेजारच्या नीलाबाईनं लोखंडी कढई आणली, अस्वल न्हाईन एवढी. त्यात पळसाच्या फुलांचा रंग उकळून लडी सोडली, तं काळीभोर झाली! “आजी, हिरड्याले लोखंड लागलं का काळंच होते,” शिकवणारी मॅडम बोलली. “पिवळी कर ना माय!” “आता नाई होत.” नीलाबाई रडाले लागली. “रडते काऊन? बुढाबी काळाच होता,” म्हणून मी हासली. सगळं खरं हाये बरं. हासली, तेवढं मात्र मी मनानं जोडलं.