उजवी बाजू

लेक उद्या नोकरीसाठी परगावी निघणार, म्हणून तिच्यासाठी बारीक मण्यांचा हार विणत होते. मधल्या फुलापासून डावी बाजू चालू होती. उजवीला हातही लावला नव्हता. चहा टाकून आले, तर उजवीकडे सात ओळी तयार.

“तूच विणल्यास नि विसरलीस,” लेक म्हणाली.

“इतकी सफाई माझ्या हाताला कधी होती गं?”

मलाही गंमत वाटली. मुद्दाम उठून जायचे. परत येईपर्यंत तिकडे ओळी वाढलेल्या असायच्या.

दुपारी माप बघायला हार तिच्या गळ्यात घातला. मानेमागे टोकं जोडायला एक मणी हवा होता, तो घ्यायला मी टेबलाकडे वळले.

“आई, पुरे. इतकं घट्ट नको ओढूस.”

माझ्या एका हातात डबी होती, दुसऱ्यात झाकण.