नावाला किती घरं

प्रतिमाचं पत्र येऊन तीन आठवडे झाले होते. शालिग्राम गुरुजींनी उत्तर दिलं नव्हतं. आज पंगतीत बसतानाही तेच आठवलं.

प्रतिमा त्यांची विद्यार्थिनी. पुण्यात कॉम्प्युटरवर नुकतीच कामाला लागलेली. जिल्ह्यातल्या निवृत्त शिक्षकांची यादी तिला यंत्रात भरायची होती. 'प्रत्येक नावाला सारखी घरं आखते, घरात एक अक्षर. वीस दिली तर लांब नावं तुटतात. चाळीस दिली तर मेमरी भरते आणि शेवटचे तीनशे जण बाहेर राहतात, त्यांच्या पेन्शनचे कागद पुढच्या वर्षावर जातात. तुम्ही जन्मभर हजेरीपट लिहिलात. किती ठेवू? यादी एक तारखेला बंद होते.'

आज सव्वीस. गुरुजींनी चाळीस लिहून खोडलं होतं, वीस लिहून खोडलं होतं. त्यांचं स्वतःचं नाव चौतीस अक्षरांचं. म्हणून तर आपण चाळीस म्हणत नाही ना?

आज गावातल्या रंगरावांच्या नातवाचं जावळ होतं. उंद्रीच्या शाळेच्या पटांगणात पाट मांडले होते. गावातले अगडबंब हिंमतराव पाटाच्या दोन्हीकडे सांडले होते. शेजारच्या पाटावर चार वर्षांचं पोरगं पाय हलवत होतं. पाट संपले होते, म्हणून धामणगाव बढे गावचे पाहुणे हातपाय धुऊन उभेच. त्यांना चारची एसटी गाठायची होती.

रंगरावांची बायको अंबूबाई वरणाची बादली घेऊन आली नि थबकली.

"पाट उचला सारे! पोट्ट्याले बी तेवढीच जागा अन् हिंमतरावले बी तेवढीच? शाळेची टाटपट्टी अंथरा. जो जेवढा, तेवढा बसन."

"मले त दोन पट्ट्या लागतीन, वहिनी," हिंमतराव म्हणाले.

"तुमाले त गावच लागते. सरका! गुरुजी, तुमी बी सरका."

पोरं बसतात ती तागाची लांब पट्टी अंथरली गेली. चार बोटं सोडून माणसाशेजारी माणूस बसत गेलं. पाहुणेही मावले.

गुरुजी उठले. पत्ता लिहिलेलं अंतर्देशीय पत्र खिशात होतंच. शाळेच्या पायरीवर बसून त्यांनी लिहिलं, 'घरं आखू नकोस. नावं एकामागे एक बसव. जेवढं नाव तेवढीच जागा. दोन नावांत फक्त एक खूण ठेव.'

हात थांबला. एवढं तिला सुचलं नसेल? हसेल ती. खोडायला त्यांनी पेन टेकवलं. समोर मघाशी उभ्या असलेल्या पाहुण्यांतला एक म्हातारा पहिला घास घेत होता.

त्यांनी पत्र चिकटवलं आणि फाटकाजवळच्या पेटीत टाकलं.

"गुरुजी!" अंबूबाई पंगतीतून ओरडली. "सरका म्हटलं तुमाले, उठा नाई म्हटलं! या, जागा हाय अजून."