साधा डाग

“बाकीचे ठिपके काढते. हा एक नाही,” भिंग बाजूला ठेवत ती म्हणाली.

खुर्चीतल्या मुलीचं तोंड एवढंसं झालं. लग्न दहा दिवसांवर आलं होतं. “एवढासा तर आहे! एका मिनिटाचं काम.”

“याची कडा फाटल्यासारखी आहे, आणि एकाच डागात तीन रंग. लेझरने वरचा रंग उडतो, मूळ आत तसंच राहतं. कॅन्सर असला तर वरून सगळं स्वच्छ आणि आत रोग पसरतोय. मग तपासायलाही काही उरत नाही. आधी डॉक्टरांकडून तुकडा तपासून घ्या.”

मुलगी रडत गेली, पण चिठ्ठी घेऊन गेली.

“गिऱ्हाईक परतवण्यात तुमचा हात कोणी धरणार नाही,” काउंटरवरची बाई म्हणाली. खोटं नव्हतं. बारा वर्षांत तिने संशयाचा एकही डाग जाळला नव्हता. या बाबतीत ती ताकही फुंकून पीत असे.

दुपारी भावजी आले, ताईचे यजमान. बढती मिळाली होती, नवा फोटो काढायचा होता, गालावरचे ठिपके नको होते. आल्या आल्या त्यांनी काउंटरवरच्या बाईला दोन विनोद सांगून हसवलं. चारचौघांत इतका लाघवी माणूस शोधून सापडला नसता.

ताई सोबत होती. एवढ्या उकाड्यात मनगटापर्यंत बाह्या. भावजी चेहरा धुवायला गेल्यावर तिने हळूच विचारलं, “निळे डागही जातात का गं याने?”

“ते आपोआप जातात, ताई.”

“जातात. नवे येतात.”

‘माझ्याकडे चल’ हे सांगून सांगून तिचं तोंड दुखलं होतं. मागे एकदा ताई आली होती. तिला परत नेताना भावजींनी तिचा हात मोडला होता. हिचा जीव नुसता तुटत राहायचा.

नियमाप्रमाणे तिने भावजींच्या गालाचा फोटो काढला. मग भिंगाखाली एकेक ठिपका पाहिला. कानाजवळ जरा जास्त वेळ.

“काय मेव्हणीबाई, मलाही चिठ्ठी देऊन घालवणार का?” भावजी हसले. “धोका नाही ना?”

तिने काचेपलीकडे पाहिलं. ताई बाही खाली ओढत होती.

“साधा डाग आहे, भावजी. डोळे मिटा.”

तिने हलक्या हाताने काम केलं. मलम लावलं, उन्हात जाऊ नका म्हणून बजावलं. “खपल्या आठवड्यात पडतील. मग डाग कुठे होता तेही कळणार नाही.”

दोघं गेल्यावर तिने पडद्यावर तो फोटो उघडला आणि कानाजवळचा डाग मोठा करून पाहिला. भिंगातून दिसला होता तसाच. कडा फाटलेली, रंग तीन नव्हे, चार. सकाळच्या मुलीबद्दल तिला नुसती शंका होती. इथे शंकेला जागाच नव्हती.

तिने फोटो पुसून टाकला आणि पुढच्या बाईंना आत बोलावलं.