मन्यासाठी कॅमेरा

‘मांजरासाठी हा पुष्कळ झाला,’ असं म्हणत इब्राहिमनं दुकानातला सगळ्यात लहान कॅमेरा काउंटरवर ठेवला. दुधाच्या वाटीपाशी लावायचा. मांजर आलं, प्यायलं, झोपलं, सगळं दिसतं.

रविराजनं तो हातातसुद्धा घेतला नाही. त्याला फिरणारा हवा होता. खोली ओलांडून दारापर्यंत पोचणारा, अंधारात दिसणारा, आवाज ऐकू येणारा. दार उघडलं की मोबाइलवर कळतं का, हेही त्यानं विचारून घेतलं. भोसरीत दुकान चालवणाऱ्या इब्राहिमला गिऱ्हाइकाची नाडी पायरीवरच सापडायची. तो म्हणाला, ‘कळतं ना, भाऊ. पण तुमचं मांजर दार उघडतं का?’

रविराज हसला. त्याच्या मागे उभी असलेली स्वरूपा, त्याची बायको, हसली नाही.

मन्या तिचा. ती ज्या वर्कशॉपमध्ये पार्ट तपासायचं काम करायची, तिथल्या पत्र्याच्या शेडमागे तो तिला सापडला होता. रविराजनं त्याला आजवर थेंबभर दूध घातलेलं नव्हतं. कोथिंबिरीच्या जुडीसाठी भाजीवालीशी हुज्जत घालणारा हा माणूस. त्याला मांजराचा उमाळा आला होता, तोही महागातला. माणसाच्या खात्यात कधी जमाच नव्हती ती माया अशी खर्ची पडायला लागली, की समजावं, उधारी दुसऱ्याच कुणाच्या नावावर चढतेय.

कुणाच्या ते स्वरूपाला कळत होतं.

घर दोन खोल्यांचं. रविराजची कंपनी चाकणला. त्याची सेकंड शिफ्ट असली, की स्वरूपा कामावरून येऊन दाराला कडी लावायची आणि तो परत येईपर्यंत घर तिचं असायचं. त्या वेळात ती करायची काय? काहीच नाही. पंख्याखाली फरशीवर पडून राहायची. भांडी तशीच टाकून कागदातली भेळ खायची. बहिणीला फोन लावून नवऱ्याची नक्कल करायची. दिवसभर सुपरवायझरची नजर, घरी नवऱ्याची, सुट्टीच्या दिवशी गावाहून सासूबाईंचे फोन. कुणीच बघत नाही असा तेवढाच काय तो वेळ. त्यावर आता भिंग बसणार होतं, आणि कारण इतकं गोड की नाही म्हणायला तोंड नव्हतं. नको म्हणावं, तर एवढं लपवायचंय काय? हो म्हणावं, तर संपलंच.

तिनं आपल्या परीनं वाटा काढून पाहिल्या होत्या. लहानच घेऊ, वाटीपाशी लावू, म्हणाली. तर मन्या काय वाटीपाशी बसून असतो का, असं उत्तर आलं. शेजारच्या चतुराबाई जाता-येता बघतील, म्हणाली. तर उगाच कुणाचे उपकार कशाला. मन्याला काही होत नाही हो, असंही म्हणून झालं. त्यावर रविराज म्हणाला होता, की तुझ्याच मांजराची तुला काळजी नाही, कमाल आहे. प्रत्येक दार तिनं ढकलून पाहिलं. प्रत्येकाला बाहेरून कडी.

इब्राहिमनं फिरणारा कॅमेरा खोक्यातून काढून सुरू केला. गोल डोकं किरकिरत फिरलं आणि स्वरूपापाशी थांबलं. ती चार्जरच्या स्टँडकडे सरकली. तेही सरकलं. ती परत जागेवर आली. तेही आलं.

‘हा माणूस ओळखतो, वहिनी,’ इब्राहिम म्हणाला. ‘माणूस हलला की मागं फिरतो.’

स्वरूपा हलायची थांबली.

इब्राहिमनं ॲप टाकायला मोबाइल मागितला. रविराजनं खिशातून काढला तो त्याचा नव्हता. नवाकोरा, काचेवरचा कागदही न काढलेला. स्वरूपानं तो कधी पाहिलेला नव्हता. आणि मग तिच्या डोक्यात जे आधीच यायला हवं होतं, ते आलं. रविराजच्या कंपनीत मोबाइल गेटवर जमा होतात. शिफ्ट सुटेपर्यंत हातात मिळत नाहीत.

‘अहो, तुमचा मोबाइल तर गेटवर जमा असतो,’ ती म्हणाली. ‘मग मन्याला बघणार कोण?’

‘आई बघेल की. तिच्यासाठीच घेतलाय हा. उद्या आमच्या कंपनीतला प्रीतम गावी चाललाय, त्याच्याबरोबर पाठवतोय. तिला तरी दिवसभर दुसरं काय काम असतं?’

आई म्हणजे सुभद्राबाई. मांजर आडवं गेलं तर निघालेली एसटी सोडणाऱ्या. मागच्या खेपेला त्या राहायला आल्या, तेव्हा मन्याला जिन्यात मुक्काम करावा लागला होता. त्या आता गावी, आष्टीत, खाटेवर बसून मन्याची काळजी वाहणार होत्या.

स्वरूपाला वाटलं, आता रडू येणार. ते आलं नाही. ती ओढणी सावरत काउंटरशी आली. कॅमेराही तिच्यामागून आला. या वेळी तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

‘इब्राहिमभाई, असाच आणखी एक द्या,’ ती म्हणाली. ‘गावाकडे चालेल असा. आमच्या आईंनी शेळी पाळलीय, आत ओसरीवरच बांधतात. आई घटकाभर बाहेर गेल्या, की एकटी पडते बिचारी. तिला मी बघत जाईन.’

इब्राहिम दुसरं खोकं काढायला वळला. रविराजनं काउंटरवरून वाकून त्याचा हात धरला.

‘आईच्या घरात कॅमेरा?’ तो म्हणाला. ‘अगं, माणसं राहतात तिथं.’