बिनआवाजाचा कॉम्प्युटर

“काकू, आता दोन्ही नाही जमणार,” अरुणकुमार कुजबुजला. “कॉम्प्युटरले पंखा लावा, नाही तं काम सोडा.”

मथुरानं ओठांवर बोट ठेवलं. आतल्या खोलीत तिचा नवरा केवलराम झोपला होता. रातपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपला की भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या क्वार्टरात कोणी मोठ्यानं बोलत नाही, तिथला कायदाच तो. दाराच्या कडीला चिंधी बांधलेली. कुकर शिट्टी द्यायच्या आत खाली. जुनवानीहून भाजी आणणारी पंचफुला फाटकाशी मुकाट उभी राहायची आणि मथुरा बोटांनी भाव करायची. इथवर ठीक होतं. पण या बाईनं ऐन मे महिन्यात कूलरसुद्धा बंद केला होता, त्याची घरघर नको म्हणून. खिडकीला वाळ्याचा पडदा लावून त्यावर पाणी मारत बसायची.

असल्या घरात कॉम्प्युटर यायचा तर कसा येणार? चरोद्याच्या अरुणकुमारनं सुटे भाग आणून तो जोडून दिला, पण भाग निवडले मथुरानं, तेही कानानं. कॅबिनेट सगळ्यात लहान, शिवणयंत्राच्या टेबलावर मावेल असं. पेंटियम प्रोसेसरच्या डोक्यावर पंखा असतो म्हणून पेंटियम नको. जुना फोर-एटी-सिक्स घेतला, त्यावर उष्णता ओढून घेणारा नुसता अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा. कॅबिनेटच्या मागे एकच पंखा उरला, तर त्याचीही तार बदलायला लावून तो निम्म्या वेगावर आणला. अरुणकुमारनं हात जोडले होते. “काकू, ये भिलाई है, शिमला नाही.” ऐकतं कोण.

व्हायचं तेच झालं. ऊन चढलं की मशीन तापायचं आणि अडकायचं. पडद्यावरची अक्षरं जागच्या जागी गोठायची, आणि केलेलं सगळं पाण्यात. काम दुर्गच्या एका प्रेसचं होतं, मध्यप्रदेश बोर्डाच्या गाइडांची पानं जुळवायचं. प्रेसचे दौलतराव भला माणूस, पण त्यांचाही धीर सुटला. आज संध्याकाळपर्यंत पानं आली नाहीत तर काम दुसऱ्याला, असा त्यांनी निरोप पाठवला होता. लग्नानंतर पहिल्यांदा मथुराच्या हाताला स्वतःचं काम लागलं होतं. ते जायची वेळ आली तेव्हा तिला रडू यायला हवं होतं. खरं सांगायचं तर तिला राग आला होता, आणि तो नवऱ्याचाच.

मशीन आल्यापासून त्याची झोप उडाली होती. तो बोलला काही नाही, पण बोलायला कशाला पाहिजे? पलंगावर उघड्या डोळ्यांनी पडलेला दिसायचा. पाठीमागून हाक मारली तर ओ द्यायचा नाही. संध्याकाळच्या बातम्या लावणं त्यानं सोडलं. जेवताना काही विचारलं तर तिच्या तोंडाकडे नुसता बघत राहायचा आणि मग “हो” म्हणायचा, विचारलेलं काहीही असो. इतका राग धरतात का माणसावर? एकदाच तो आपणहून बोलला होता. “सोमवारी मेडिकल आहे माही.” कारखान्याची तपासणी ती, नेहमीचीच. त्यात सांगण्यासारखं काय होतं? तिला काळजी वेगळीच होती. झोपेविना माणूस रात्रभर कारखान्यात मशीनवर उभा राहतो, काही कमीजास्त झालं तर कोणाच्या तोंडाकडे पाहायचं?

तिनं आतल्या दाराकडे एकदा पाहिलं.

“लावून दे बाबा,” शेवटी ती अरुणकुमारला म्हणाली. “आजची पानं होऊन जाऊ दे. हे उठले, तं मशीन उद्या घेऊन जाजो. मले नाही पाहिजे मंग.”

त्यानं मागच्या पंख्याची तार पूर्ववत केली. ठोकळ्यावर एक आणि पुढच्या जाळीआड एक, असे आणखी दोन पंखे बसवले. मग कॅबिनेट बंद करून तो चपला हातात घेऊन निघून गेला.

मथुरानं बटण दाबलं. घरात कोणी जुनी स्कूटर चालू करावी तसा आवाज झाला. तिनं डोळे मिटून घेतले. आता दार उघडेल. आता उघडेल. दार उघडलं नाही.

ती कामाला लागली. ऊन चढलं, वाळ्याचा पडदा सुकला, अंगातला ब्लाउज पाठीला चिकटला, पण मशीन अडकलं नाही. पानामागून पान होत गेलं. लागली वाटतं झोप एकदाची, असं मनात येऊन तिला बरं वाटलं. मग तिनं वाकून दाराच्या फटीतून पाहिलं. केवलराम जागाच होता, आढ्याकडे बघत. ती घाईनं पुढच्या पानाला लागली.

थोड्या वेळानं तो उठून आला. माठातलं पाणी प्याला आणि तिच्या मागे येऊन उभा राहिला.

“आजचाच दिवस,” ती मान न वळवता म्हणाली. “उद्या परत करून टाकतो मी.”

तो टेबलाला वळसा घालून समोर आला. तिचा घामानं भिजलेला चेहरा त्यानं पाहिला, कॅबिनेटकडे आणि बाजूला पडलेल्या पंख्यांच्या रिकाम्या खोक्यांकडे पाहिलं. त्याचे ओठ हलले, पण पंख्यांच्या घरघरीत तिला शब्द कळले नाहीत.

“काय म्हणता?” तिनं विचारलं.

तो तिच्या ओठांकडे बघत होता. मग खाली वाकून, घरातल्या सवयीनं तसाच हळू आवाजात, मायेनं म्हणाला, “अरुणनं पंखे बसवून देले न? मंग बंद कावून ठेवले? लाव. माह्या झोपेचं नको पाहू.”