अंगात साठलेलं लोह

मास्तरांच्या बायकोने पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर उपडी केली. लोहाच्या गोळ्यांची पाकिटं, टॉनिकच्या दोन बाटल्या, क जीवनसत्त्वाच्या चघळायच्या गोळ्या.

"एक दिवस चुकवलेला नाही," ती म्हणाली. "सकाळी हातावर ठेवते आणि गिळेपर्यंत समोरून हलत नाही."

डॉक्टरबाईंनी एक पाकीट उचललं, मागची बारीक अक्षरं वाचली आणि परत ठेवलं.

"कधीपासून देताय?"

"चार वर्षं झाली. औषधाच्या दुकानातून आणते. अशक्तपणा आहे ना यांना."

मास्तर खाली मान घालून ऐकत होते. शर्ट शिवणाऱ्या एका मोठ्या दुकानात कापड बेतायचं काम त्यांचं आणि काजं-बटणं बायकोची. तीस वर्षं दोघं एकाच छताखाली काम करत आली होती. चार वर्षांपूर्वी मास्तरांना दुपारी पेंग यायला लागली. मग बोटांच्या मुळाशी ठणका लागला, कात्री धरवेना. मागोमाग साखर वाढली. चेहरा काळवंडत राखेसारखा झाला. गल्लीतल्या चारजणींनी चार सल्ले दिले आणि बायकोने चारही पाळले.

"काका, तुमच्या रक्तात लोह कमी नाही," डॉक्टरबाई तपासणीचे रिपोर्ट पुढे ओढत म्हणाल्या. "भलतंच जास्त आहे. आपलं आतडं गरजेपुरतं लोह आत घेतं. तुमचं आतडं घेतच राहतं, आणि जादा लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नसते. ते यकृतात साठतं, स्वादुपिंडात साठतं, सांध्यांत साठतं. या गोळ्या आजच बंद करायच्या. क जीवनसत्त्वाच्यासुद्धा. त्याने लोह आणखी शोषलं जातं."

बायकोचा हात पाकिटांवर गेला. तिने ती भराभर गोळा केली आणि पिशवीत कोंबली.

"आजार जन्मापासूनचा आहे," डॉक्टरबाई पुढे म्हणाल्या. "पण पन्नाशी उलटेपर्यंत तो गप्प बसला कसा, याचं मला नवल वाटतंय. मध्ये कधी अपघात, मोठं ऑपरेशन? पुष्कळ रक्त गेलं, असं काही?"

"गेलं नाही. दिलं," मास्तर म्हणाले. "रक्तपेढीत. वर्षातून चारदा. एकवीस वर्षं."

मुलीच्या जन्माच्या वेळी बायको पांढरीफटक पडली होती. कुणा दोन अनोळखी माणसांच्या रक्तावर ती वाचली. मुलगी वर्षाची झाली त्या दिवशी मास्तर पहिल्यांदा रक्तपेढीची पायरी चढले आणि मग चढतच राहिले. याबद्दल घरात ते कधी फारसं बोलले नाहीत.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "मग थांबलात का?"

"कंटाळा आला," मास्तर पटकन म्हणाले.

"खोटं बोलतात," बायको म्हणाली. "मी थांबवलं."

मग तिनेच सांगितलं. सहा वर्षांपूर्वी रक्त देऊन येताना मास्तरांना जिन्यात घेरी आली. त्या रात्री तिला झोप लागली नाही. पुढच्या खेपेला ती दारात आडवी उभी राहिली. कोण कुठली माणसं, त्यांच्यापायी तुम्ही किती आटायचं, असं म्हणाली. मुलीची शपथ घातली. मास्तरांनी चपला परत काढून ठेवल्या.

"प्रत्येक पिशवीबरोबर लोह बाहेर जात होतं," डॉक्टरबाई हळू आवाजात म्हणाल्या. "कुणाला ठाऊक नव्हतं, पण एकवीस वर्षं काकांचा इलाजच चालला होता."

"म्हणजे मी यांना..." बायको म्हणाली.

"तुम्हाला कळणार कसं होतं काकू? यकृताला इजा झाली आहे. ती सगळी भरून येईल, असं मी सांगणार नाही. पण इथून पुढची थांबवता येईल. दर आठवड्याला एक पिशवी रक्त काढायचं. आजपासूनच."

पलीकडच्या खोलीत मास्तर आडवे झाले. सुई टोचताना त्यांनी नेहमीच्या सवयीने मूठ आवळली, सोडली. पिशवी भरत आली तसा त्यांचा चेहरा थोडा खुलला.

"सिस्टर, हे कुणाला देणार?"

"कुणाला नाही काका. यकृताचा त्रास असला की ते रक्त इथे दुसऱ्याला देत नाहीत. टाकून द्यायचं."

मास्तरांनी मान भिंतीकडे वळवली. बायको त्यांच्या पायाशी उभी होती. तीस वर्षांत त्यांच्या डोळ्यांत पाणी तिने पाहिलं नव्हतं. तिने त्यांच्या पायांवर पांघरूण सारखं केलं, आलेच म्हणाली आणि बाहेर पडली.

रक्तपेढी त्याच मजल्यावर होती. तिथल्या मुलीने बोटाचा थेंब तपासला, वजन घेतलं, गोळ्या-औषधं विचारली आणि फॉर्म पुढे ओढला.

"पेशंट कोण तुमचा? कुणासाठी देताय?"

"ज्याला लागेल त्याला द्या," ती म्हणाली आणि बाही वर सारून पलंगावर आडवी झाली. "फक्त शेजारच्या खोलीत आमचे हे झोपलेत, त्यांना एवढ्यात कळू देऊ नका. मला अडवायला धावत येतील."